सिरॅमिक-धातू जोड व त्यातील अवशिष्ट प्रतिबले

सिरॅमिक आणि धातू यांचे भाग झाळून, म्हणजे मध्ये वितळवलेल्या मिश्रधातूने (झाळीने) सांधून, एकजीव करण्याचे तंत्र. खानदेशात त्याची उदाहरणे नेहमीच्या वापरात आहेत : भुसावळमार्गे २५ किलोव्होल्टवर धावणाऱ्या इंजिनांच्या व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमध्ये (निर्वातात वीजप्रवाह तोडणाऱ्या स्विचमध्ये) सिरॅमिक नळीची तोंडे धातूने हवाबंद केलेली असतात, तर जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर कार्बाइडची टीप (धातू कापणारे कठीण टोक) झाळलेले टूल चालते. कार्बाइड हे कोबाल्टने बांधलेले, म्हणजे शुद्ध सिरॅमिक नव्हे. पण अडचण तीच : थंड होताना ते पोलादाइतके आकुंचन पावत नाही.

वितळलेली साधी झाळ सिरॅमिकवर पसरत नाही. म्हणून मॉलिब्डेनम-मँगॅनीजचा लेप ओलसर हायड्रोजनात सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला भाजून त्यावर निकेलचा मुलामा देतात, किंवा झाळीतच थोडे टायटॅनियम घालून निर्वात भट्टीत जोड करतात.

खरी कसोटी लागते ती थंड होताना. ७२ टक्के चांदी व २८ टक्के तांबे असलेली झाळ ७८० अंशांना गोठते आणि तेथून पुढे दोन्ही भाग एकमेकांना बांधले जातात. पोलादाचे आकुंचन ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सिरॅमिक) पेक्षा बरेच अधिक असल्याने खोलीच्या तापमानापर्यंत येताना १०० मिलिमीटर लांबीमागे साधारण ०.४ मिलिमीटरचा फरक पडू पाहतो. ॲल्युमिना मात्र ०.१ टक्क्याच्या आसपास ताणली की तुटते. हा फरक कोठेतरी जिरवावाच लागतो; न जिरलेला भाग जोडात ताण व दाब म्हणून साठून राहतो, तेच अवशिष्ट प्रतिबल. दाब सिरॅमिक सहज सोसते, ताण सोसत नाही. त्यामुळे तडा बहुधा जोडाच्या कडेलगत, सिरॅमिकच्याच अंगात सुरू होतो आणि पुष्कळदा झाळ शाबूत राहून सिरॅमिकचा पातळ पापुद्रा धातूला चिकटून निघतो.

सावकाश थंड करणे हा उपाय सर्वांच्या तोंडी असला तरी तो अर्धाच आहे. टूल झाळून लगेच पाण्यात बुडवले तर टीप तडकते, राखेत पुरून ठेवले तर बहुधा वाचते, हे खरे. तथापि प्रसरणातील मूळ तफावत त्याने मिटत नाही. ती कमी करण्यासाठी पोलादाऐवजी लोह-निकेल-कोबाल्टचे कोव्हार वापरतात, किंवा तफावत तशीच ठेवून मध्ये तांब्याचा मऊ पत्रा घालतात, जो स्वतः दबून-ताणून प्रतिबल कमी करतो. टिपेसाठी दोन्ही अंगांना झाळ व मध्ये तांबे असलेली तिपदरी पट्टी मिळते. रचनेतूनही बराच फायदा होतो : धातूचे कडे सिरॅमिकच्या बाहेरून बसवले, तर आकुंचनाने सिरॅमिकवर मुख्यतः दाबच येतो.

रेल्वेच्या व वीजवाहिन्यांच्या चिनी मातीच्या चकती-इन्सुलेटरमध्ये झाळच टाळलेली असते. तेथे लोखंडी टोपी व खिळा सिमेंटने बसवून धातूला डांबरी लेप देतात, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी धातूच्या प्रसरणाला तो लेप थोडी जागा देतो.