तुटलेलं डाउनलोड पुढे कसं सरकतं?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची चार-पाच जीबीची फाइल उतरवताना नव्वद टक्क्यांवर नेट गेलं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते. उतरलेले बाइट डिस्कवर असतात. पुढचे कुठून हवेत, एवढंच सर्व्हरला सांगायचं. ब्राउझर हे कधी करतो, कधी नाही, आणि का ते कळू देत नाही. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवायच्या खिडकीत, मात्र हा व्यवहार डोळ्यांसमोर घडतो.

त्यासाठीचं एक जुनं साधन म्हणजे डब्ल्यूगेट. क्रोएशियाच्या ह्र्वोये निकशिच यांनी ते १९९६ मध्ये या नावाने आणलं. लोक तेव्हा फोनच्या लाइनवरून नेट वापरत, त्यामुळे लाइन तुटणार हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. मधेच संपर्क तुटला तर ते आपणहून पुन्हा प्रयत्न करतं, वेगळं सांगितलं नसेल तर वीस वेळा. काल अर्धवट सोडलेली फाइल आज पूर्ण करायची असेल, तर आज्ञेत उणे चिन्ह आणि सी हे अक्षर जोडायचं.

मग डब्ल्यूगेट डिस्कवरच्या फाइलचा आकार बघतं. समजा १००० बाइट आले आहेत. बाइटची मोजणी शून्यापासून होते, म्हणजे हाती ० ते ९९९ आहेत. तेव्हा मागणी जाते: ‘१००० पासून पुढचे द्या.’ सर्व्हर तयार असेल तर २०६ हा आकडा उत्तरात येतो, म्हणजे ‘फाइलचा तुकडा पाठवतोय’. अख्खी फाइल येणार असेल तर २०० येतो. अशा वेळी डब्ल्यूगेट हट्टाने थांबतं, कारण नव्याने सुरुवात केली तर आधीची कमाई पुसली जाईल. मला हा हट्ट आवडतो.

कर्ल हे दुसरं साधन स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं. चलनांचे दर आणण्यापासून सुरू झालेलं हे काम १९९८ पासून कर्ल या नावाने ओळखलं जातं, आणि आता ते विंडोजमध्येही आयतं मिळतं. मात्र पत्ता दुसरीकडे वळवलेला असेल, तर मोठ्या एल अक्षराचा पर्याय दिल्याशिवाय कर्ल त्यामागे जात नाही. जीबीच्या फाइलऐवजी काहीशे बाइटचा एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मजकूर, हाती आला, की आधी हेच तपासावं.

एक धोका उरतो. दरम्यान सर्व्हरवरची फाइलच बदलली असेल, तर जुन्याला नव्याचं शेपूट जोडलं जातं आणि आकार पाहून ते कळत नाही. म्हणून उबुंटू आणि डेबियन हे लिनक्सचे प्रकार फाइलसोबत एसएचए-२५६ या पद्धतीने फाइलच्या मजकुरावरून काढलेली ६४ अक्षरी खूण देतात. एक बाइट जरी बदलला तरी ती पार वेगळी येते. अर्थात मुद्दाम फाइल बदलणारा ती खूणही बदलू शकतो, म्हणून खुणांच्या यादीवर डिजिटल सही असते. तीही तपासता येते, याच टर्मिनलवर.