बहुजातीय अधिवास संवर्धन नियोजन (दक्षिण कॅलिफोर्निया)

वेगाने वाढणाऱ्या नागरी प्रदेशात कुठे बांधायचे आणि कोणती जमीन कायम मोकळी ठेवायची, हे वन्य जातींच्या गरजा पाहून आधीच ठरवण्याची पद्धत. अमेरिकेच्या १९७३च्या संकटग्रस्त जाती कायद्याने सूचीतील प्राण्यांना इजा करण्यास मनाई केली. १९८२च्या दुरुस्तीने मात्र संवर्धन आराखडा देणाऱ्याला आनुषंगिक हानीचा (वैध काम करताना हेतू नसताना होणाऱ्या इजेचा) परवाना मिळू लागला. पहिला परवाना १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो डोंगरासाठी दिला गेला.

प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्र परवाना म्हणजे विखुरलेले हिरवे तुकडे. म्हणून कॅलिफोर्नियाने १९९१ मध्ये प्रादेशिक नियोजनाचा कायदा केला. किनारी सेजच्या (सुगंधी पानांच्या बुटक्या) झुडपांत राहणारा नॅटकॅचर हा छोटा पक्षी १९९३ मध्ये धोक्यातील जात ठरला आणि कामाला वेग आला. शास्त्रज्ञांच्या समितीने आराखडे पूर्ण होईपर्यंत अशा झुडपी रानाची तोड ५ टक्क्यांवर रोखण्याचा सल्ला दिला.

१९९७च्या सॅन डिएगो आराखड्यात सुमारे ५,८२,००० एकरांपैकी १,७२,००० एकर जोडलेल्या राखीव जमिनींच्या जाळ्यासाठी ठेवले असून ८५ जातींचा समावेश आहे. आधी वनस्पती, माती, उतार व उंचीचे नकाशे एकावर एक ठेवून अधिवासाची प्रत ठरवतात. मग त्यावर जातींच्या नोंदी टाकतात. इथे सावधगिरी हवी. नोंदी रस्त्याकडेला दाटतात, कारण निरीक्षक तिथेच पोहोचतात. नोंद नसणे म्हणजे जात नसणे नव्हे. त्यानंतर मोठे, सलग गाभाक्षेत्र आणि त्यांना जोडणारे संचारमार्ग आखतात. लांबट पट्ट्यापेक्षा गोलसर तुकडा बरा, कारण त्याला कड कमी. कडेने पाळीव मांजरे, तण आणि बागांच्या पाण्यावर पोसणाऱ्या अर्जेंटिनी मुंग्या आत शिरतात. या मुंग्या स्थानिक मुंग्यांना हुसकावतात, आणि त्या स्थानिक मुंग्यांवर जगणाऱ्या शिंगाळ सरड्याची उपासमार होते. कायोटी (लांडग्यासारखा छोटा रानटी प्राणी) टिकेल एवढा सलग पट्टा उरला तर मांजरांवर वचक राहतो. पक्ष्यांसाठी हा शिकारी उपकारकच.

तोडलेल्या अधिवासाची भरपाई जमिनीच्या दुर्मीळतेवर आणि जागेवर ठरते. राखीव जाळ्याच्या सीमेच्या आतला अतिदुर्मीळ अधिवास तोडल्यास तिथेच दुप्पट, बाहेर दिल्यास तिप्पट जमीन राखावी लागते.

जमीन विकत घेतली म्हणजे काम संपले, हा मोठा गैरसमज. तण काढणे, कुंपण, मोजणी यांना दरवर्षी पैसा लागतो आणि कात्री पहिली तिथेच लागते. वणवे वारंवार लागले तर सेज पुन्हा वाढण्याआधीच परदेशी गवत जागा बळकावते. नकाशावर मात्र राखीव क्षेत्र तेवढेच दिसते.

१९९८च्या ‘नो सरप्रायझेस’ नियमानुसार, अनपेक्षित परिस्थिती उद्भवली तरी परवानाधारकाकडून मान्य केल्यापेक्षा जास्त जमीन वा पैसा मागता येत नाही. बिल्डरला हमी मिळते, तर अपुऱ्या माहितीचा भुर्दंड निसर्गावर पडतो. पावसाळ्यानंतर आटणाऱ्या हंगामी डबक्यांबाबत हा कच्चा दुवा उघडा पडला: तिथल्या जातींपुरती सॅन डिएगो शहराच्या परवान्याखालची नवी बांधकामे २००६ मध्ये फेडरल न्यायालयाने रोखली. पुढे शहराला डबक्यांसाठी वेगळा आराखडा करावा लागला.