साठ रुपये फूट की दोनशे दहा? मजुरीचा दर आणि उक्ता दर

बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या म्हणून दोघांना घर दाखवलं. मिस्त्रीने जुन्या टाइल्सवर बोटाने टकटक करून पाहिलं आणि दारातच सांगितलं, "साठ रुपये फूट पडेल." कॉन्ट्रॅक्टरने माप घेतलं, फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली: दोनशे दहा रुपये फूट. अशा वेळी घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हा तर लुटायलाच निघालाय!"

निघाला असेलही. पण या दोन आकड्यांवरून ते कळत नाही. साठ रुपये हा निव्वळ मजुरीचा दर आहे. टाइल, सिमेंट, केमिकल, सगळं तुम्ही आणून द्यायचं, मिस्त्री फक्त बसवणार. दोनशे दहा हा उक्त्या कामाचा दर आहे, म्हणजे माल आणि मजुरी दोन्ही त्याच्या अंगावर. भाव सांगताना दोघंही "फूट" एवढंच म्हणतात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

फूट म्हणजे अर्थात चौरस फूट. जुना मिस्त्री असेल तर "ब्रासला सहा हजार" असंही म्हणेल. ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, तेव्हा भाव तोच, साठ. (वाळूचा ब्रास वेगळा, तो 100 घनफुटांचा. बोलताना दोन्हीला नुसतं ब्रासच म्हणतात.)

दर कशाला गुणायचा, हे आधी पाहू. समजा बाथरूम 8 बाय 5 आहे. बरेच जण मनात 40 चौरस फूट धरतात आणि मजुरी 2,400 रुपये होईल म्हणून खूश होतात. पण बाथरूममध्ये खरं काम भिंतींवर असतं. चारही भिंतींची लांबी मिळून 26 फूट. दाराच्या उंचीपर्यंत, म्हणजे 7 फुटांपर्यंत टाइल लावली तर 182 चौरस फूट. त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा आणि छोट्या खिडकीचे अडीच वजा केले की उरले 162. जमिनीचे 40 मिळवले की 202. म्हणजे मजुरी 12,120 रुपये. घरमालकाला इथे पहिला धक्का बसतो, आणि मिस्त्रीने काहीही लपवलेलं नसतं.

आता उरलेला खर्च मांडू. भाव हिशेबापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. फुटतूट आणि कापाकापी धरून टाइल साधारण 230 चौरस फूट घ्यावी लागेल. 55 रुपयांची टाइल आवडली तर 12,650. चिकटवायचं केमिकल म्हणजे ॲडहेसिव्ह, 20 किलोचं पोतं तीन मिलिमीटर थराला 45 ते 55 चौरस फूट जातं, म्हणून पाच पोती, 450 प्रमाणे 2,250. ग्राउट (सांधे भरायची पूड) आणि स्पेसर (टाइल्समधलं अंतर सारखं राखणारे तुकडे) 800. जुनी टाइल फोडणं आणि राडारोडा उचलणं 5,000. फोडताना भिंतीचं प्लास्टर सुटतंच, ते नव्याने करायला 162 फुटांना 35 रुपयांनी 5,670. वॉटरप्रूफिंग जमिनीला आणि भिंतीवर फूटभर वर, एकूण 66 चौरस फूट, 80 रुपयांनी 5,280. मजुरी धरून बेरीज 43,770. याला 202 ने भागा, आले जवळपास 217 रुपये फूट.

आणि तो "लुटारू" 210 म्हणत होता.

म्हणून कॉन्ट्रॅक्टर स्वस्त, असंही लगेच ठरवू नका. मजुरीच्या दरात फसगत कागदाबाहेर असते, म्हणजे जे लिहिलेलंच नाही त्यात. उक्त्या दरात ती कागदाच्या आत असते. तिथे सगळं लिहिलेलं असतं, फक्त किती आणि कुठल्या प्रतीचं, ते नसतं.

साठ रुपयांवाल्याला विचारायच्या गोष्टी तशा सरळ आहेत. फोडकाम कोण करणार? गोणी खाली कोण नेणार? अनेक सोसायट्यांत राडारोड्यासाठी लिफ्ट वापरू देत नाहीत, मग चौथ्या मजल्यावरून गोणी खांद्यावरून उतरतात आणि बिगारी मजल्यागणिक पैसे मागतो. त्याचंही बरोबरच आहे. बेसिनखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीचं, साबण ठेवायच्या कोनाड्याचं, कोपऱ्यात 45 अंशात घासून जुळवायच्या कडांचं काम फुटाच्या दरात येतं की वेगळं? बहुतेक ते रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीच्या मापाने, वेगळं लावतात. हे आधी ठरलं नाही, तर काम अर्ध्यावर आल्यावर ठरतं, आणि तेव्हा तुमच्याकडे अंघोळीला जागा नसते.

मजुरीच्या दरात आणखी एक आहे. माल तुमचा असल्याने मिस्त्रीला तो जपून वापरायची फारशी निकड नसते. एक तुकडा चुकला, की दुसरी अख्खी टाइल कापली. त्यात बॉक्सच्या हिशेबाची खोच. दुकानात जिला 1 बाय 2 फूट म्हणतात ती खरं तर 300 बाय 600 मिलिमीटर असते, म्हणजे 2 नव्हे, 1.94 चौरस फूट. पाच टाइल्सच्या बॉक्समध्ये 10 फूट भरत नाहीत, 9.69 भरतात. भिंतींसाठी दहा टक्के जादा धरून 178 फूट हवेत, तर तोंडी हिशेबाने 18 बॉक्स होतात आणि खरे लागतात 19. तो एकोणिसावा बॉक्स महिन्याने आणायला गेलात, तर दुसऱ्या बॅचचा येतो आणि रंगातला फरक रोज दात घासताना दिसतो.

उक्त्या दराचं गणित निराळं. पहिला प्रश्न टाइलच्या "बेसिक रेट"चा. या 210 मध्ये त्याने टाइल कितीची धरली आहे? पीडीएफमध्ये "ब्रँडेड टाइल" एवढंच असेल, तर त्याला काही अर्थ नाही. त्याने 40 धरली असेल आणि तुम्ही दुकानात 55 च्या टाइलवर बोट ठेवलंत, तर वरचे 15 रुपये 230 फुटांवर तुमच्या खात्यात, म्हणजे 3,450. यात लबाडी नाही, फक्त ते आधी लिहिलेलं हवं.

दुसरा प्रश्न मापाचा. मजुरीच्या दरात मापाची चूक स्वस्तात जाते, उक्त्यात महागात. भिंत 7 फुटांऐवजी स्लॅबपर्यंत, 9 फूट धरली तर 52 चौरस फूट वाढतात. साठच्या दराने ते 3,120 होतात, 210 च्या दराने 10,920. फॉल्स सीलिंग करणार असाल, तर त्याच्या वर टाइल कशाला? आणि माप बसवलेल्या टाइलचं धरायचं की विकत घेतलेल्या, हेही स्पष्ट करून घ्या. उक्त्या दरात वेस्टेज आधीच मुरलेलं असतं. तो बसवलेल्या 202 ऐवजी आणलेल्या 230 फुटांचं बिल लावू लागला, तर एकाच वेस्टेजचे पैसे तुम्ही दोनदा देता.

तिसरा प्रश्न केमिकलचा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो, कारण काम झाल्यावर केमिकल दिसत नाही. माल त्याचा असला, की वाचलेलं प्रत्येक पोतं त्याच्या खिशात जातं. मग टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा थापून ती भिंतीला दाबली जाते. आतून पोकळ राहते, शॉवरचा ब्रॅकेट बसवायला ड्रिल लावलं की तडकते. ॲडहेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरलेलं हवं. टाइल व्हिट्रिफाइड असेल, तर साध्या सिमेंटच्या घोळावर भागत नाही. तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, त्यामुळे सिमेंटला धरायला काही मिळत नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल मात्र पाणी पिते, म्हणून सिमेंटवर लावायच्या आधी ती पाण्यात भिजवून ठेवतात. ॲडहेसिव्हसाठी आयएस 15477 हे भारतीय मानक आहे आणि त्यात प्रकार 1 पासून 5 पर्यंत आहेत. कोटेशनमध्ये कंपनी आणि प्रकार, दोन्ही लिहून मागा. जो लगेच लिहून देतो, त्याला काम कळतं.

चौथा प्रश्न कराचा. तळाला बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" असेल, तर 42,420 वर 18 टक्के चढतात आणि रक्कम 50,000 च्या पुढे जाते. शिवाय तुलना फसते. दुकानातून तुम्ही आणलेल्या टाइलच्या भावात कर बहुधा आधीच धरलेला असतो, इथे तो सगळ्या रकमेवर लागतो. कर लावणाऱ्याचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक बिलावर असायलाच हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो, गोव्यातल्या नोंदणीचा 30 ने. नोंदणी नसलेल्याला कर मागताच येत नाही.

मग साठ रुपये मजुरी रास्त आहे का? शेजाऱ्याने हॉलला किती दिले, हे विचारून उपयोग नाही. हॉलमध्ये अख्ख्या टाइल्स सरळ रांगेत पडत जातात. बाथरूममध्ये नळाची भोकं, नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीकडे) जाणारा उतार, गुण्यात म्हणजे काटकोनात नसलेले कोपरे. जवळजवळ प्रत्येक ओळीत काप आहे. मी दर रोजंदारीत उलटवून पाहते. एक मिस्त्री आणि एक बिगारी अशा बाथरूममध्ये दिवसाला 40 ते 50 फूट नीट बसवतात, म्हणजे 202 फुटांना साधारण पाच दिवस. 12,120 भागिले पाच, जोडीला दिवसाचे सव्वाचोवीसशे. तुमच्या भागात मिस्त्रीचा आणि बिगारीचा रोज किती चालतो ते नाक्यावर विचारा. बेरीज या आकड्याच्या जवळ आली, तर दर बरोबर. हा आकडा बेरजेच्या निम्म्यावर असेल, तर आनंद मानू नका. तो पाच दिवसांचं काम अडीच दिवसांत उरकणार आहे. 2 बाय 4 फुटी टाइल असेल, तर वेग आणखी कमी होतो, ती उचलायलाच दोघं लागतात, तेव्हा त्याने जास्त मागितलं तर घासाघीस करू नये.

दोन्हींत निवडायचं, तर माझं मत असं. घरात कुणी तरी पाच-सहा दिवस थांबू शकत असेल आणि दुकानाच्या तीन-चार फेऱ्या मारायची तयारी असेल, तर मजुरीवर काम द्यावं, प्रत डोळ्यांसमोर राहते. दोघंही सकाळी आठला घराबाहेर पडत असतील, तर उक्तं द्यावं आणि बेसिक रेट, उंची, केमिकलचा प्रकार, कर, या चार गोष्टी लिहून घ्याव्यात. वॉटरप्रूफिंग मात्र दोन्हीकडे वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेने लिहून मागावं. जमीन फोडली, की खालचा जुना थर दुखावतोच. टाइल लावण्याआधी नहाणी ट्रॅप बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवायला सांगा. सोसायटीची पाण्याची वेळ सांभाळून ते जमवावं लागतं, पण जमवा. आणि शेवटचा हप्ता आपल्या नव्या टाइलची चमक बघून नको, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमचं छत बघून द्या.