नत्र की नायट्रेट? झिरपणीच्या अंदाजामागचा जुना घोळ

युरिया टाकल्यावर मातीत काय होतं ते सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीय. प्रश्न एवढाच की त्यातल्या नत्राचं नायट्रेट (पाण्यात सहज विरघळणारं रूप) होऊन ते मुळांच्या खाली किती उतरलं आणि ते हंगामाआधी सांगता येतं का. इंग्लंडात 1870 लाच 20, 40, 60 इंच खोलीचे मातीचे ठोकळे करून खालून झिरपणारं पाणी मोजायला घेतलं होतं. नंतर शंभरेक वर्षं मोजणंच जास्त. अंदाजाची मॉडेलं आली 1970 नंतर, आणि युरोपात 1991 ला शेतातून पाण्यात जाणाऱ्या नायट्रेटवर कायदा झाल्यावर त्यांना जोर चढला.

पण ती बेतलेली तिकडच्या हिवाळ्यावर, रान मोकळं, जमीन ओलीगच्च, पाणी हळूहळू खाली. आपल्याकडं झिरपण भर खरिपात, कापूस उभा असताना, आणि काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटलेली. पहिलं मोठं पाणी भेगांतून सरळ खाली जातं, ढेकळाच्या आतल्या नायट्रेटला शिवत पण नाही, वर नुकतंच फेकलेलं खत मात्र घेऊन जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात, रान चिबडतं आणि तेच नायट्रेट वायू होऊन उडतं. जूनचं गणित ऑगस्टला चालत नाही.

आता खरा घोळ. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची आपली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, अमेरिकेची 10. लोक म्हणायलेत आपण साडेचार पट ढिले. अहो, तो 10 फक्त नायट्रेटमधल्या नत्राचा आकडा, 4.43 नं गुणा, 44 च्या वर जातो. दोन्ही एकच! या मर्यादेच्या मुळाशी आहेत बाळं, नायट्रेटवाल्या विहिरीच्या पाण्यानं ती निळी पडल्याचं अमेरिकेत 1945 ला छापून आलं होतं. मॉडेल बोलतं हेक्टरी किलो नत्रात, लॅबचा रिपोर्ट नायट्रेटमध्ये, आणि आपण गोण्यांमध्ये. जुळवून बघा: 200 मिमी पाणी खाली झिरपलं आणि त्याबरोबर हेक्टरी 20 किलो नत्र गेलं, तर त्या पाण्यात नायट्रेट लिटरला 44 मिलिग्रॅम. 20 किलो नत्र म्हणजे युरियाची एक गोणी, ती पण 45 किलोवाली, 2018 नंतरची.

2015 ला युरिया सगळा नीमकोटेड करायचं ठरलं, कारण निंबोळी तेलानं नायट्रेट व्हायचा वेग मंदावतो. तरी माझ्या मते त्यापेक्षा मोठी अडचण मागच्या वर्षीच्या शिल्लकीची. दुष्काळात पीक वाळतं, खत मातीतच राहतं, पुढच्या वर्षी धो धो पडला की ते निघालं खाली. 2015 कोरडं गेलं, 2016 च्या सप्टेंबरात लातूरकडं पाणीच पाणी, मग अंदाज बांधायचा तर आधी शिल्लक माहीत नको का? आणि मृदा आरोग्य कार्डावरचं 'उपलब्ध नत्र' बघून ती कळत नाही, ते मुख्यतः सेंद्रिय पदार्थातून सुटू शकणारं नत्र, नायट्रेट नव्हेच.