पार्श्वभूमी: पीव्हीपी, पीव्हीई आणि २००० सालची फाळणी

"मग पीव्हीपी सर्व्हरवर आलास कशाला?" हे वाक्य आलं की पुढचं भांडण पाठ असतं. (पीव्हीपी म्हणजे ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंनी एकमेकांना मारणं, पीव्हीई म्हणजे फक्त गेमच्या राक्षसांशी लढणं.) एक म्हणतो, मी गपचूप खाण खोदत होतो, तू मागून येऊन मारलंस. दुसरा म्हणतो, गेमने मारू दिलं म्हणून मारलं. मुंबईत हे भांडण आज बहुधा जीटीए या गेमच्या आरपी, म्हणजे पात्र वठवत खेळायच्या (रोलप्ले) सर्व्हरवर, हिंदी-मराठीची सरमिसळ करत होतं. त्यातले दोन्ही युक्तिवाद मात्र भांडणाऱ्यांच्या वयापेक्षा जुने आहेत.

मडचा, म्हणजे निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या बहुखेळाडू गेमचा, काळ झटपट उरकता येतो. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या पहिल्या मडमध्ये लढाईत मेलं की पात्र कायमचं पुसलं जाई. १९८९ च्या टायनीमडने लढाईच काढून टाकली आणि लोक नुसते खोल्या बांधत, गप्पा मारत बसले. मधल्या काळात कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर आलेल्या हॅबिटॅट या गेममध्ये खून हा गुन्हा की गंमत, यावर खेळाडूंचं मत घेतलं गेलं तेव्हा निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाले. शेवटी गावात बंदी, गावाबाहेर मोकळीक अशी तडजोड निघाली. खेळाडूंचे चार प्रकार पाडणारा रिचर्ड बार्टल यांचा १९९६ चा निबंध सगळे सांगतात. त्यातली प्रकारांची नावं लोकांच्या लक्षात राहिली, पण एका गटाची संख्या वाढली की बाकीच्यांचं काय होतं, हा त्याचा खरा विषय मागे पडला.

खरा पेच सप्टेंबर १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन हा गेम आल्यावर पडला, कारण इथे पहिल्यांदाच हजारो लोक एका नकाशावर पैसे भरून राहत होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना लढायचंच नव्हतं. कुणी सुतार, कुणी लोहार, कुणी शिंपी. खाणीतून धातू काढायचा, भट्टीत वितळवायचा, चिलखत बनवून विकायचं. खाणीच्या तोंडाशी तिघे-चौघे दबा धरून बसलेले असायचे. माणूस भरल्या पोत्यांनिशी बाहेर आला की तो मेला आणि पोती गेली.

यावर आधी पोलिसी उपाय झाले. निरपराध माणूस निळा, गुन्हा केलेला करडा, खुनी लाल. निळ्यावर हात उचलला की दोन मिनिटं करडा. तेवढ्यात कुणीही मारलं तरी मारणाऱ्याला दोष नाही. मेलेल्यासमोर खिडकी उघडे: खुनाची तक्रार नोंदवायची का? पाच तक्रारी झाल्या की नाव लाल. लाल माणूस पहाऱ्याच्या शहरात शिरला आणि कुणी "गार्ड्स" असं टाइप केलं की तो जागच्या जागी खलास.

कागदावर हे चोख होतं. गाडी अडली हिशोबात. खुनाच्या नोंदी ऑनलाइन घालवलेल्या तासांनी उतरत: अल्पकालीन आठ तासांनी, दीर्घकालीन चाळीस तासांनी. मग खुनी काय करत? पात्र घरात उभं करून, मॅक्रो (आपोआप कळा दाबणारा प्रोग्राम) लावून झोपत. सकाळी नोंद उतरलेली असे. शिवाय एका खात्यावर अनेक पात्रं असल्याने मारायला एक लाल आणि लुटीचा माल शहरात विकायला दुसरा निळा, अशी वाटणी असे. दंड गुन्हेगाराला होई, पण तो भरत असे पात्राचा फावला वेळ. मेलेल्या लोहाराची संध्याकाळ मात्र खरोखर गेलेली असे.

२००० मध्ये अल्टिमाच्या कंपनीने गेममधल्या जगाचे दोन तुकडे केले. जुना नकाशा फेलुका झाला आणि त्याचीच आरशातली प्रत ट्रॅमेल म्हणून उघडली. दोन्ही नावं त्या जगाच्या दोन चंद्रांची. ट्रॅमेलमध्ये समोरच्याची मान्यता असल्याशिवाय हल्ला नाही, खिसे कापणं नाही. फेलुकात जुनेच नियम, वर तिथली झाडं निष्पर्ण आणि दृश्य भकास करून ठेवलेलं. कुठल्या नकाशाकडे लोकांनी वळावं, हे कंपनीने रंगसंगतीतूनच सांगून टाकलं होतं.

लोक झुंडीने ट्रॅमेलला गेले. तेव्हापासून दोन गट या घटनेचे दोन अर्थ लावतात. सहकाराने खेळणारे म्हणतात, पायांनी मतदान झालं, विषय संपला. पीव्हीपीवाले म्हणतात, गेम त्या दिवशी मेला. दोघंही एक गोष्ट गाळतात, आणि ती मुंबईकराला तरी समजावून सांगावी लागू नये: जागा. अल्टिमात घर बांधायला मोकळा भूखंड लागे आणि जुन्या नकाशावर भूखंड केव्हाच संपले होते. घरं खऱ्या डॉलरांत लिलावात विकली जात. ट्रॅमेल उघडलं म्हणजे तेवढीच मोठी, पूर्ण रिकामी जमीन एका दिवसात खुली झाली. उद्या दादर ते कुलाबा अशी कोरी पट्टी कुणी पागडीविना वाटायला काढली, तर तिथे धावलेले सगळे शेजाऱ्याच्या दहशतीला कंटाळून आले असं कुणी म्हणेल का? भीती हे कारण होतंच, आणि ते मोठंच होतं. पण घराच्या आशेने गेलेले किती आणि भीतीने गेलेले किती, हे त्या स्थलांतरावरून वेगळं काढता येत नाही. फाळणीच्या बाजूचा सगळ्यात आवडता पुरावा त्यामुळे दिसतो तेवढा भक्कम नाही.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र खरं ठरलं. दरोडेखोर होते म्हणून त्यांच्या मागावर निघणाऱ्या टोळ्या होत्या, खाणीवर पहारा देणारे गिल्ड (खेळाडूंचे कायमचे गट) होते, जथ्याने प्रवास करायची रीत होती. धोका गेला तसं हे सगळं गेलं. सहकाराचा सर्वांत दाट प्रकार हिंसेच्या शेजारीच उगवला होता. उरलेल्या फेलुकात लांडगेच लांडगे राहिले. मेंढरांशिवाय त्यांचंही भागेना. मग आमिष आलं: फेलुकाच्या खाणीत दुप्पट धातू आणि २००२ पासून कौशल्याची मर्यादा शंभराच्या वर, एकशेवीसपर्यंत नेणारी गुंडाळी फक्त फेलुकातच. म्हणजे शांतताप्रिय लोहाराला पुन्हा त्याच खाणीत जावंसं वाटावं याची सोय. यानंतर आलेल्या बऱ्याच गेमनी हीच युक्ती नाव बदलून वापरली आहे.

पीव्हीई सर्व्हरवर शांतता होती हाही एक गोड गैरसमज आहे. मार्च १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये बहुतेक सर्व्हरवर दुसऱ्याला तलवार लागतच नसे. मग लोक राक्षसांची अख्खी रांग मागे लावून घेत आणि दुसऱ्याच्या तळावर आणून सोडत. याला ट्रेन म्हणत, आणि ती विरार फास्टइतकीच निर्दय असे. राक्षसावर जास्त घाव ज्या गटाचे, त्याची लूट, असा नियम होता. म्हणून कुणी अर्धा तास झुंजून आणलेला राक्षस मोठा गट शेवटी येऊन ढापे. आयत्या बिळावर नागोबा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २००४ मध्ये नियम फिरवला: पहिला घाव ज्याचा, राक्षस त्याचा, बाकीच्यांना त्याची पट्टी करडी दिसणार. झालं, लोक राक्षस उगवायच्या जागी बोट कळीवर ठेवून उभे राहू लागले. २०१२ च्या गिल्ड वॉर्स २ मध्ये हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची लूट आणि खाणीतला धातू ज्याचा त्याचा वेगळा. भांडण थांबलं. त्यासोबत अनोळखी माणसाशी एक शब्द बोलायची गरजही संपली. मारहाण नसलेल्या जगातही टंचाई हेच मूळ होतं आणि कोडच्या एका ओळीने शेजारी वैरी की अदृश्य, हे ठरत होतं.

मुंबईचा वाटा इथून सुरू होतो आणि तो तत्त्वापेक्षा पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा आहे. कॅफेत तासाच्या हिशोबाने काउंटर-स्ट्राइक चाले. लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या अंतर्गत जोडणीवर, पिंग नगण्य, म्हणून तिथे बळी तो कान पिळी चालायचं. पण वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नव्हता. युरोपातल्या सर्व्हरशी दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचं अंतर घेऊन समोरासमोरची झुंज जिंकणं कठीण. चाळीस जणांच्या रेडमध्ये (मोठ्या राक्षसांवरच्या सामूहिक चढाईत) इतरांच्या जखमा भरत राहणं मात्र जमे. त्यामुळे कॅफेतला नेमबाज घरच्या जोडणीवर हीलर होई. त्यात वेळ. तिथे रात्री आठला रेड म्हणजे इथे हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. चाळीतल्या किंवा वन-बीएचकेमधल्या मुलाने माइकवर बोलायचं नाही, फक्त टाइप करायचं, आणि सकाळी सहाची लोकल पकडायची. भारतीय सर्व्हरवर आलेल्या रॅग्नारॉकमध्ये किल्ल्यांची लढाई ठरावीक वारी, ठरावीक तासांत होई. बाकी आठवडाभर सगळे मिळून शिकार करत. वेळेची ही वाटणी नकाशाच्या वाटणीपेक्षा शहाणी होती असं म्हणायला जागा आहे. तिची आठवण फारसं कुणी काढत नाही.

ब्राउझरमध्ये चालणारं रूनस्केप शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्येही चाले. तिथे उत्तरेला एक खंदक होता. तो ओलांडला की वाइल्डरनेस, जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकत. साधा माणूस मेला तर त्याच्या सर्वांत मौल्यवान तीन वस्तू उरत. ज्याने आधी हात उचलला त्याच्या डोक्यावर कवटी उगवे आणि तो मेला तर एकही उरत नसे. आक्रमकाने जास्त पणाला लावायचं, हा नियम मॅक्रो लावून झोपता येणाऱ्या शिक्षेपेक्षा कितीतरी सरस. तरी डिसेंबर २००७ मध्ये वाइल्डरनेसमधली ही मारामारी बंद झाली. कारण खेळाडूंची भांडणं नव्हती. खऱ्या पैशांनी सोनं विकणाऱ्यांनी तिथे मुद्दाम मरून माल हस्तांतरित करू नये, हे होतं. पुढे मत घेतलं गेलं तेव्हा १२ लाखांहून जास्त मतं पडली, ९१ टक्के परत आणा म्हणाली, आणि १ फेब्रुवारी २०११ ला जुनं वाइल्डरनेस परत आलं.

आता तो गुंतागुंतीचा शब्द: संमती. ट्रॅमेलने संमती नकाशाला बांधली. वॉरक्राफ्टने सर्व्हर निवडण्याला बांधली आणि त्याचे दात २००६ मध्ये दिसले. दिवंगत खेळाडूसाठी पीव्हीपी सर्व्हरवर भरलेल्या शोकसभेवर विरोधी गिल्डने हल्ला करून सगळ्यांना कापलं. नियम एकही मोडला नव्हता. २०१८ मध्ये त्या गेमने पीव्हीपी सर्व्हर ही भानगडच काढून टाकली. लढायचं असेल त्याने राजधानीत वॉर मोड चालू करायचा, बदल्यात दहा टक्के जादा अनुभव. गेममधल्या दोन विरोधी बाजूंची संख्या विषम झाली तेव्हा कमी असलेल्या बाजूचं आमिष वाढवावं लागलं.

२००३ पासून चालणाऱ्या, अंतराळयानांच्या ईव्ह ऑनलाइनने उलट टोक धरलं: यान गोदीबाहेर काढलंत, संमती दिलीत. सुरक्षित म्हणवणाऱ्या भागात पोलीस हल्ला थांबवत नाहीत, फक्त हल्लेखोराला नक्की मारतात. सर्वांत सुरक्षित, १.० दर्जाच्या भागात ते सहाएक सेकंदांत येतात, सुरक्षित भागांतल्या सर्वांत खालच्या ०.५ मध्ये एकोणीसेक. तेवढ्या वेळात स्वस्त कॅटॅलिस्ट यानांचा थवा एक मालवाहू फोडू शकतो. फुटलेल्या यानातली प्रत्येक वस्तू शाबूत उरण्याची शक्यता निम्मी. म्हणून हिशोब सरळ: मालाची निम्मी किंमत हल्लेखोरांच्या गमावलेल्या यानांपेक्षा जास्त झाली की तुम्ही शिकार. त्यापेक्षा कमी माल भरा आणि यान आपोआप चालवू नका. वाईट म्हणजे २०११ च्या अखेरीपर्यंत पोलिसांनी फोडलेल्या यानाचाही विमा मिळे. दरोड्याचा खर्च गेमच भरून देत होता.

जीटीए ऑनलाइनमध्ये आधी माल विकायचा तर इतर खेळाडू असलेल्या सार्वजनिक सत्रातच, आणि उडत्या बाइकवरून कुणी क्षेपणास्त्र टाकलं की तासन्‌तासांचा साठा गेला. खेळाडूंनी पळवाट काढली: विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये गेमची प्रोसेस आठ-दहा सेकंद थांबवायची, बाकी सगळे सत्रातून गळतात, मग एकट्याने विकायचं. जास्त वेळ थांबवली तर आपलीच जोडणी तुटते. जुलै २०२२ मध्ये खासगी सत्रात विक्रीला परवानगी मिळाली, म्हणजे पळवाटच अधिकृत झाली. समुद्री चाच्यांच्या सी ऑफ थीव्ह्ज या गेमने डिसेंबर २०२३ मध्ये निर्धोक समुद्र दिला, पण तिथे सोनं ३० टक्केच. संमती न देण्याची किंमत इथे उघड आकड्यात लिहिली गेली.

मुंबईतली आजची पिढी बहुतेक २०१८ नंतर मोबाइलवरच्या पब्जीतून आली, जिथे दिसला की मारायचा हाच खेळ. तीच मुलं जीटीएच्या आरपी सर्व्हरवर गेली आणि पहिल्याच आठवड्यात बॅन झाली. तिथला शब्द आरडीएम: कथेत कारण नसताना मारणं. गाडीखाली चिरडलं तर व्हीडीएम. पिस्तूल रोखलं असताना घाबरला नाहीत तर तोही गुन्हा. म्हणजे संमती नकाशातून, सर्व्हरमधून, बटणातून निघून थेट हेतूवर आली, आणि हेतू तपासणारा कोड कुणाकडे नाही. म्हणून अ‍ॅडमिन लागतो. तक्रारीचं तिकीट उघडायचं, मरण्याआधीची दोन-चार मिनिटं दिसतील अशी क्लिप जोडायची, आवाजासकट, कारण मारण्यामागे कथेतलं कारण दिलं होतं की नाही हे बोलण्यातूनच ठरतं. रेकॉर्डिंगमध्ये माइकचा ट्रॅक वेगळा ठेवला आणि जोडायचा राहिला, तर अ‍ॅडमिनला फक्त गोळी दिसते. अशा तिकिटाचा निकाल सहसा मारणाऱ्याच्या बाजूने लागतो.