‘वेड्याला काही होत नाही’ हा समज

स्किझोफ्रेनिया या तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णाला ना थंडी बाधते ना ताप, त्याचे शरीर दणकटच असते, हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो साफ चुकीचा आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी 10 ते 20 वर्षे आधी दगावतात आणि त्यातील बहुतेक मृत्यू आत्महत्येने नव्हे, तर हृदयविकारासारख्या शारीरिक व्याधींनी होतात.

औषधांचाही यात वाटा आहे. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही या आजारावरची औषधे सुरू झाल्यावर भूक वाढते, काही महिन्यांत जुनी पँट कमरेला बसेनाशी होते आणि घरचे मात्र ‘तब्येत सुधारली’ म्हणून समाधान मानतात. म्हणूनच औषधाच्या आरंभीच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नोंद करून पुढेही ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. धास्तावून गोळ्या परस्पर बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मनाच्या आणि शरीराच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणे किती गरजेचे, हे सिगारेटवरून कळते. तंबाखूच्या धुरामुळे क्लोझापिनचा शरीरातून निचरा वेगाने होतो. रुग्णाने छातीच्या डॉक्टरांचे ऐकून धूम्रपान एकदम सोडले, तर त्याच मात्रेत औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, आणि मनोविकारतज्ज्ञाला त्याचा पत्ताही नसतो.

छातीत दुखते म्हणणाऱ्या अशा रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणे तर कायद्यालाही मान्य नाही: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 21 नुसार त्याला इतर रुग्णांच्या बरोबरीने उपचार मिळायलाच हवेत.