सीट जितकी मऊ, तितका लांबचा प्रवास सुखाचा?

"लांब जायचंय? बाइकच्या सीटवर आणखी मऊ फोम टाकून घ्या, पाठ-कंबर दुखणार नाही." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दुकानात बसून पाहिलं की पटतोही, कारण पहिली पाच मिनिटं मऊ सीट खरंच छान वाटते.

गडबड पुढे होते. बसल्यावर आपलं बरंचसं वजन ढुंगणाच्या दोन हाडांवर येतं. मऊ फोम त्यांच्याखाली दबत जातो आणि तासाभरात हाडं जवळजवळ खालच्या कडक तळाला टेकतात. भोवतीचा फोम मात्र मांड्यांना दाबत राहतो, म्हणून मुंग्या येतात. जरा घट्ट फोम कमी दबतो, वजन पसरवतो. सीटची रुंदी आणि उतारही तितकेच महत्त्वाचे. पुढे उतरती सीट असेल तर माणूस टाकीकडे घसरत राहतो. तिथे कितीही फोम घाला, उपयोग नाही.

तपासायचं कसं? सीटवर गुडघा टेकवून पूर्ण भार द्या. तळ लागला, तर फोम फार मऊ किंवा बसलेला आहे. मग सोलापूरहून तुळजापूरला जाऊन या, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर होतात. येताना कुठे दुखतं ते बघा: हाडांखाली दुखलं तर फोम, मांडीच्या आत दुखलं तर आकार.

जेल पॅड, म्हणजे सीटवर टाकायची जेलची गादी, घेणार असाल तर एकदा मे महिन्यातल्या आपल्या उन्हात गाडी उभी करून, मग हात लावून बघा. आणि कितीही चांगली सीट असली तरी तासाभराने चहाला थांबावंच लागतं.